‘हो सर, ऐकू आलं’

आदरणीय मॅडम, सा. न.

मी ग्वाल्हेरातच एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर इथल्याच लष्कर भागात. मेडिसिनची पोस्टिंग सुरू होऊन चार महिने झाले आणि चारही महिने मी खोटं बोलते आहे. राउंडला सर एखाद्या पेशंटच्या छातीवर स्टेथो ठेवायला लावतात. आम्ही बारा जण रांगेत, प्रत्येकाला जेमतेम दहा सेकंद. मग सर विचारतात, "मर्मर सुनाई दिया?" म्हणजे ठोक्यांच्या मधला तो जास्तीचा आवाज. सगळे हो म्हणतात, मीही म्हणते. मला लब-डबच्या पुढे काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगमधले मर्मर मात्र पटापट ओळखता येतात. कान तपासून घेतले, चांगले आहेत. बाबा म्हणतात, भारीतला स्टेथो घेऊ. मैत्रीण म्हणते, शेवटी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतोच, कशाला जीव काढतेस. नववीपर्यंत मी माधव संगीत महाविद्यालयात गाणं शिकले, म्हणून तर जास्तच लाज वाटते. काय करू?

ता. क. दिवाळीच्या सुट्टीत आजीला (वय ७६) सहज स्टेथो लावला. उजवीकडे वरच्या बाजूला लब आणि डबच्या मध्ये करवतीसारखं खर्र वाटलं, मानेतही. माझाच भास असेल म्हणून घरी काही बोलले नाही.

– एक वाचक, ग्वाल्हेर

तुझं पत्र मी ताज्या कलमापासून उलटं वाचलं, म्हणून आधी आजींबद्दल. जिना चढताना त्यांना चक्कर येते का, छातीत भरून येतं का, दम लागून मध्येच बसावं लागतं का, कधी शुद्ध हरपली होती का, एवढं आज विचार. यातल्या एकालाही उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं वाचत बसू नकोस, त्यांना आजच डॉक्टरांकडे ने. सगळं ‘नाही’ असेल तर वाच. आजींकडे मी परत येणार आहे.

आता तू. मर्मर ऐकू येत नाही म्हणणारी मुलगी त्याच पत्राच्या तळाशी आवाजाची जागा सांगते, लब-डबच्या मध्ये म्हणजे वेळ सांगते, करवतीसारखा म्हणजे पोत सांगते आणि तो मानेत जातो हेही सांगते. तोंडी परीक्षेला आम्ही दुसरं काय विचारतो? घरी तुझ्यामागे अकरा जण खोळंबलेले नव्हते. आणि काय ऐकू यायला हवं, हे आधी कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. वॉर्डात तू सरांनी घेतलेलं नाव शोधत असतेस. आजींजवळ बसून तू नुसती ऐकत होतीस.

लाज वाटतेय म्हणालीस, तर ऐक. १९९७ साली अमेरिकेत मेडिकलचे विद्यार्थी आणि डॉक्टर होऊन पुढचं शिक्षण घेणारे, अशा शेकडो जणांना हृदयाचे आवाज ऐकवून तपासलं. पाच आवाजांतला सरासरी एक त्यांना बरोबर ओळखता आला. तुमच्या रांगेतले बाकीचे अकरा कितपत ऐकतात, याचा अंदाज तूच बांध.

पण ‘हो सर’ची सवय ही लाजेपेक्षा वाईट गोष्ट आहे, आणि ती मला का माहीत आहे ते सांगते. इंटर्नशिपमध्ये माझ्या ड्यूटीला भिंडकडची एक मुलगी आली होती. विशीतली, पहिलटकरीण, सातवा महिना. "चलने में सांस फूलती है," एवढीच तक्रार. पोटात मूल असताना दम लागतोच, असं मनाशी म्हणत मी तिला उताणीच ठेवून ऐकलं. वर पंखा खडखडत होता, बाहेर कुणीतरी नातेवाइकांवर ओरडत होतं. मी केसपेपरवर ओळ लिहिली: एस वन, एस टू (म्हणजे लब आणि डब) नॉर्मल, मर्मर नाही. रात्री दोनला ती धडपडत उठून बसली, तोंडाला गुलाबी फेस, श्वासाला घरघर. आमच्या रजिस्ट्रारनं तिला पाय खाली सोडून बसवलं, ऑक्सिजन लावला, शिरेतून लॅसिक्स, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध, दिलं आणि पहाटेपर्यंत जागेवरून हलला नाही. ती वाचली. सकाळी ती शांत झाल्यावर त्यानं मला बोलावलं, तिला डाव्या कुशीवर वळवलं, बोटानं हृदयाचा ठोका जिथे लागतो तिथे स्टेथोची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, अलगद टेकवली आणि म्हणाला, "अब सुन." मला वाटतं, मी मिनिटभर श्वास घेतला नसेन.

मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप अरुंद होणं. लहानपणी कधीतरी घसा धरला, सांधे सुजले, ताप उतरला आणि घरचे विसरून गेले. संधिवाताच्या त्या तापानं, म्हणजे रुमॅटिक फीव्हरनं झडपेवर घेतलेला चावा मात्र राहिला. गरोदरपणात रक्ताचं आकारमान चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि नाडीही जलद होते. त्यामुळे अरुंद झडपेतून रक्त खाली उतरायला जो निवांतपणा लागतो, तोच कमी होतो, आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. हे मला पुस्तकातून पाठ होतं. पाठ असून उपयोग झाला नाही, कारण तो मर्मर खर्जातला असतो आणि कधी कधी रुपयाएवढ्या जागेतच सापडतो. उताण्या माणसाच्या छातीवर डायफ्राम, म्हणजे स्टेथोची पडद्याची सपाट बाजू, दाबून तो निसटतो.

तुझ्या पिढीनं श्योपूरची छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज रेल्वे, फारशी अनुभवली नसेल. आता ती बंद आहे. पहाटे ती गाडी लांबून जायची तेव्हा आवाज कानाला कळायच्या आधी गादीला कळायचा. मायट्रल स्टेनोसिसचा घुर्र तसा असतो. त्याच्या आधी लब कडक वाजतो आणि डबनंतर एक छोटी टिचकी येते, झडप झटक्यात उघडल्याची. ती टिचकी डबला जितकी चिकटून, तितकी झडप जास्त अरुंद. या वाक्यावर पुढे तुला गुण मिळतील. पण आधी डाव्या कुशीवर वळवायला शीक.

आणि माझी चूक ऐकू न येण्याची नव्हती. ‘मर्मर नाही’ या दोन शब्दांची होती. ‘उताण्या स्थितीत, गोंगाटात ऐकलं, मर्मर आढळला नाही, कुशीवर वळवून ऐकायचं राहिलं’ असं लिहिलं असतं, तर संध्याकाळच्या ड्यूटीवाल्यानं तिला वळवलं असतं.

तर मग ऐकायचं कसं? मर्मर शोधणं महिनाभर बंद कर. खरंच सांगते. रोज दोन निरोगी माणसं ऐक: हॉस्टेलच्या मैत्रिणी, बाबा, शेजारचा पोरगा. आणि एका वेळी एकच गोष्ट ऐक. डावा अंगठा किंवा दोन बोटं मानेतल्या कॅरोटिडवर, म्हणजे डोक्याकडे रक्त नेणाऱ्या धमनीवर, हलके ठेव. ती उसळते तेव्हाचा आवाज तो पहिला, लब. मनगटाची नाडी यासाठी कामाची नाही, ती उशिरा पोचते. दोन्ही कॅरोटिड एकदम दाबायच्या नाहीत, हे तुला सांगायला नको. नाडी बहात्तर असेल तर एक ठोका आठ दशांश सेकंदाचा. त्यातले लब ते डब साधारण तीन दशांश, उरलेली शांतता डब ते पुढचा लब. म्हणून सावकाश चालणाऱ्या हृदयात कोणता लब आणि कोणता डब हे आपोआप कळतं. नाडी एकशेवीसवर गेली की लांब शांतता आखडते, दोन्ही मोकळ्या जागा सारख्या वाटू लागतात आणि भलेभले फसतात. तिथे मानेवरचं बोटच सम दाखवतं. गाणं शिकली आहेस, सम चुकली की पुढचं सगळं चुकतं हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

समेवर आलीस की आधी फक्त लब ऐक. दहा ठोके. मोठा आहे की बारीक, प्रत्येक वेळी सारखा आहे का? मग फक्त डब, तोही छातीच्या डावीकडे दुसऱ्या फासळीखालच्या जागेत. ती जागा शोधायला उरोस्थीवरचा उंचवटा चाचपायचा, दुसरी फासळी तिथेच जोडलेली असते. माणसाला सावकाश श्वास घ्यायला लाव. आत घेताना डब किंचित फाटतो, ‘डड्ब’ होतो. सोडताना पुन्हा एक होतो. तरुण मैत्रिणींमध्ये हे छान सापडतं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकशील त्या दिवशी मला पत्र लिही, मी पेढे खाईन. (डब आत-बाहेर दोन्ही श्वासांत सारखाच फाटलेला राहिला, तर वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक असू शकतं.) त्यानंतर लब आणि डबमधली जागा. मग डब आणि पुढच्या लबमधली जागा. मर्मर या दोन रिकाम्या जागांमध्येच राहतो. रिकामी जागा रिकामी कशी वाजते हेच माहीत नसेल, तर तिथे कुणी येऊन बसलंय हे कळणार कुठून?

तुझ्या तानपुऱ्याचं आठव. वर्गातल्या पहिल्या दिवशी तो नुसता गुणगुणत होता ना? आणि मग एका दिवशी खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू आला, जो कुणी लावलेलाच नव्हता. तो पहिल्या दिवशीही तिथे होता. गुरुजींनी "गंधार आला का?" असं विचारून तो आला नसेल. आला असेल तर वर्ष-दोन वर्षं रोज तार जुळवता जुळवता. या बाबतीतही रियाजाचा आकडा कुणीतरी मोजून ठेवला आहे: एकेक मर्मर पाचशे वेळा ऐकवल्यावर विद्यार्थ्यांची ओळखण्याची क्षमता लक्षणीय वाढली, असं २००४च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून मोबाईलवरचं रेकॉर्डिंग टाकाऊ नाही, ऐकत राहा. फक्त तिथे आवाज मोठा केलेला असतो, पंखा नसतो, छातीवरचे केस करकरत नाहीत आणि वर नाव लिहिलेलं असतं. ते पाठांतर आहे, मैफल नाही.

आवाजाच्या श्रेणीबद्दल एक गंमत. मर्मरच्या सहा पायऱ्या आपण वापरतो, त्या लेव्हाईन यांनी १९३३ साली मांडल्या. त्यातल्या पहिल्या पायरीची व्याख्याच अशी, की लगेच ऐकू येत नाही, कान लावून थोडा वेळ ऐकल्यावर येतो. म्हणजे दहा सेकंदांत पहिल्या पायरीचा मर्मर ऐकला म्हणणारा विद्यार्थी व्याख्येनुसारच थापा मारतोय! चौथ्या पायरीपासून तो हातालाही लागतो, मांजर गुरगुरत असल्यासारखी थरथर तळव्याला जाणवते. म्हणून स्टेथोआधी तळवा ठेव.

स्टेथोचं बाबांना सांग, सध्या नको. लाएनेकनं १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरनळी करून एका तरुण स्त्रीचं हृदय ऐकलं, तिथून हे सगळं सुरू झालं. तुझ्याकडचा स्टेथो त्या सुरनळीपेक्षा बराच बरा असणार. कानात जाणारी टोकं नाकाच्या दिशेनं वळलेली असू देत, उलटी घातली की निम्मा आवाज गेला. त्यांचे रबर सैल झाले असतील तर बदल, थोडक्या पैशांचं काम आहे. उंच आवाजांना डायफ्राम, घट्ट दाबून. खर्जाला बेल, जेमतेम टेकवून, कारण बेल दाबली की खालची कातडीच ताणून डायफ्राम होते आणि खर्ज गळतो. कपड्यावरून कधीही नाही. ग्वाल्हेरच्या जानेवारीत स्टेथो आधी तळहातात धरून गरम कर. माणूस शहारला की स्नायूंचा गोंगाट सुरू होतो, शिवाय ते बरं दिसत नाही. मे महिन्यात कूलर बंद करायला सांग, शिव्या खा, पण बंद कर.

हालचालींचं थोडक्यात. उजव्या बाजूच्या झडपांचे मर्मर श्वास आत घेतल्यावर वाढतात. महाधमनीची झडप गळत असेल तर माणसाला उठवून पुढे झुकवायचं, "सांस छोड़ो और रोक लो" म्हणायचं आणि छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला डायफ्राम दाबायचा. डबला लागून, कुणी कानात हळूच ‘हाऽ’ म्हटल्यासारखा विरत जाणारा आवाज येतो. तुझा स्वतःचा श्वासही रोख, नाहीतर स्वतःचाच ऐकशील. एपेक्सवर, म्हणजे हृदयाच्या टोकाशी, लबपासून डबपर्यंत सलग शूऽऽ आणि तो काखेकडे जातोय, तर मायट्रल झडप गळते आहे. मैत्रीण राउंडला मोठ्यानं सांगत असेल तो हाच बहुधा. बाकी हाताची मूठ, उकिडवं बसणं वगैरे पुस्तकात आहे, तिथेच वाच.

मैत्रिणीचं इकोबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. झडप किती अरुंद, किती गळते, हे इकोनंच ठरतं, स्टेथोनं ठरवायचा हट्ट मीही सोडला. पण इकोला कुणाला पाठवायचं हे कोण ठरवणार? शाळेच्या तपासणीत चार-पाच वर्षांच्या पोराच्या छातीत तंबोऱ्यासारखा गोड, लबनंतरचा छोटा आवाज सापडतो, झोपवल्यावर वाढतो, उठवल्यावर कमी होतो. तो बहुतेक वेळा निरुपद्रवी, स्टिल यांचा मर्मर. त्या आईला घाबरवून पळवायचं नसतं, पण शंका राहिली तर मोठ्यांना दाखवायचं. रक्त फार कमी असलेल्या बाईला, तापात, थायरॉइड वाढल्यावर, गरोदरपणात रक्ताच्या वेगामुळेही मर्मर येतो. झडप बिचारी धड असते. उलट डब आणि पुढच्या लबच्या मध्ये काहीही ऐकू आलं, अगदी पुसटसं, तरी इको करायचाच. तिथे ‘निरुपद्रवी असेल’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. आणि मोठा आवाज म्हणजे मोठा आजार हे डोक्यातून काढ. खालच्या कप्प्यांमधल्या भिंतीचं बारीक भोक छाती दणाणून सोडतं. फार अरुंद झालेल्या झडपेमागचं थकलेलं हृदय मात्र कुजबुजतं.

आता उद्याच्या राउंडचं. सर विचारतील तेव्हा एवढंच म्हण: "सर, एस वन, एस टू ऐकू आले. मर्मर मला ऐकू आला नाही. दुपारी परत ऐकू का?" पहिल्यांदा कान लाल होतील. सर ओरडतीलही, पण मी शिकवत होते तेव्हा असं म्हणणाऱ्या मुलांची नावं माझ्या लक्षात राहायची, आणि चांगल्या अर्थानं. मग चारच्या सुमारास वॉर्ड निवळला की एकटी जा. पेशंटला आधी विचार, सकाळी बारा जणांनी त्याची छाती गार केलेली असते. बाई असेल तर सिस्टर किंवा घरची कुणी जवळ असू दे, पडदा ओढ, चादर हवी तेवढीच सरकव. "बाईं करवट ले लीजिए" म्हणताना हात दे. घाई नसलेली विद्यार्थिनी दिसली की माणसं बोलायला लागतात. मुरैन्याच्या एका काकांनी मला गजकसुद्धा दिली होती, आणि वर त्यांच्या घशाच्या जुन्या दुखण्याची अशी माहिती दिली, जी केसपेपरवर कुठेच नव्हती.

आता आजी. उजवीकडे वर, लब-डबच्या मध्ये, मानेत जाणारा खरखरीत आवाज म्हणजे बोट महाधमनीच्या झडपेकडे जातं. पासष्टीपुढच्या साधारण दर चौघांत एकाची ही झडप जाड आणि खरखरीत झालेली असते. त्यातल्या पुष्कळांचा रस्ता मोकळाच असतो. काहींचा पुढे अरुंद होत जातो, म्हणून एकदा बघून ठेवायचं. पुढच्या वेळी ऐकताना डब स्वच्छ ऐकू येतो की पुसट ते बघ, आणि कॅरोटिड बोटाला झटकन उसळते की हळूहळू, कष्टानं वर येते तेही. पण निदान तू करायचं नाहीस. नातीनं घरी निदान करू नये, त्यात माया असते. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांग, "मला मर्मर वाटला," ते ऐकतील, रक्त तपासतील आणि इको लिहून देतील. आजींना झडप जराशी वाजतेय म्हणून सांग, घाबरवणारे शब्द नकोत. बाबांनी स्टेथोसाठी बाजूला काढलेले पैसे इकोला लागतील.

आणि रिपोर्टचं पाकीट उघडण्याआधी आजींना पलंगावर नीट बसवून पुन्हा एकदा ऐक. काय ऐकलंस ते तारीख घालून वहीत लिही. खाडाखोड करायची नाही. मग पाकीट उघड.